प्रश्न घेऊन चला



आपल्या किनवट भागातला माणूस घर सोडून बाहेर पडतो, तो कशासाठी? बाजारासाठी पडतो. सोयरिकीसाठी, लग्नासाठी पडतो. दवाखान्यासाठी, तहसील कचेरीसाठी पडतो. आणि सवड झाली, की माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला जातो. हे सारे प्रवास गरजेचे आहेत. पण आणखी एक प्रवास आहे. तो आपल्यातले फार थोडे लोक करतात. तो म्हणजे पाहून शिकण्याचा प्रवास.

आज त्याच प्रवासाची गोष्ट सांगू. गोष्ट आमच्या रात्रीच्या वर्गाची आहे. ती सावकाश वाचा. एकाने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे, असेही चालेल.

१. "तिथं आमाला काय उमजणार?"

आमच्या वर्गात वीस-बावीस माणसे येत. कुणी कापूस-सोयाबीन पिकवणारे, कुणी मजुरी करणारे, कुणी जंगलातून मोहफुले आणि डिंक गोळा करणारे. बायाही होत्या, पुरुषही होते. सहा-सात महिन्यांत बहुतेकांना वाचता येऊ लागले. तेव्हा आम्ही म्हणालो, "चला, आता आपण सहलीला जाऊ. नागपूरला विज्ञान केंद्र आहे. ते पाहून येऊ."

सगळे गप्प बसले. मग तांड्यावरची एक आजी म्हणाली, "गुर्जी, तिथं आमाला काय उमजणार? ते शिकल्या-सवरल्याचं काम हाय. पोरांना न्या."

दुसरे एक आजोबा म्हणाले, "देवाला जायचं तर सांगा. नुसत्या बघण्यापायी कोण पैसे घालणार?"

मंडळी, खरे सांगायचे तर आमच्याही मनात भीती होतीच. आम्ही स्वतः मॅट्रिकपर्यंतच शिकलो. जन्मभर शाळेत मुलांना शिकवले, पण विज्ञान केंद्र आम्हीही आतून पाहिले नव्हते. आम्ही म्हणालो, "आम्हालाही सगळे उमजणार नाही. न उमजले तर विचारू. विचारायला पैसे पडत नाहीत."

मग आम्ही एक अट घातली. प्रत्येकाने एक प्रश्न बरोबर घ्यायचा. ज्याला लिहिता येते त्याने कागदावर लिहायचा. ज्याला अजून जमत नाही त्याने मनात ठेवायचा. शिदोरीसारखा प्रश्नही गाठीला बांधायचा.

कुणी लिहिले, "वीज कशी पडते?" कुणी लिहिले, "चंद्राला गिरण का लागते?" आजीने लिहिले, "पानी कुठून येते?" तीन शब्द, पण तिचे पहिले स्वतःचे वाक्य. ते आम्ही अजून जपून ठेवले आहे.

२. रामन यांचा प्रश्न

नागपूरला गांधीसागर तलावाजवळ हे विज्ञान केंद्र आहे. ते १९९२ साली सुरू झाले. तारांगण त्याला १९९७ साली जोडले गेले. केंद्राला नाव दिले आहे चंद्रशेखर वेंकट रामन यांचे. रामन कोण होते?

रामन हे मोठे शास्त्रज्ञ होते. पण आधी ते सरकारी हिशेब खात्यात नोकरी करत. त्या नोकरीत काही काळ त्यांची नेमणूक नागपुरातही होती. दिवसभर कचेरीचे काम आणि उरलेल्या वेळात प्रयोग, असे त्यांनी वर्षानुवर्षे केले. १९२१ साली ते बोटीने प्रवास करत होते. समुद्राचा गडद निळा रंग पाहून त्यांच्या मनात आले, "हा समुद्र निळा का दिसतो?"

समुद्र तर लाखो लोकांनी पाहिला होता. पण रामन त्या प्रश्नामागे लागले. प्रकाश पाण्यातून जाताना त्याचे काय होते, काचेतून जाताना काय होते, हे ते तपासत राहिले. त्यातून २८ फेब्रुवारी १९२८ रोजी एक मोठा शोध हाती लागला. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणून आपल्या देशात २८ फेब्रुवारी हा विज्ञान दिन पाळतात.

आम्ही ही गोष्ट दारातच सांगितली. आजोबा म्हणाले, "म्हंजे एवढ्या मोठ्या माणसानंबी आपल्यावाणीच सवाल केला की!"

३. हात लावा आणि पाहा

आपण देवळात गेलो, की लांबून हात जोडतो. कचेरीत गेलो, की कशाला हात लावत नाही. पण विज्ञान केंद्राची रीत वेगळी आहे. तेथे बहुतेक वस्तू हात लावण्यासाठीच ठेवलेल्या असतात. दांडा ओढा, चाक फिरवा, बटण दाबा आणि काय होते ते पाहा.

पहिला अर्धा तास आमची मंडळी हात मागे बांधून फिरली. मग एका गड्याला दोरी आणि कप्पी दिसली. एका कप्पीवरून ओझे उचलायला जोर लागत होता. दुसरीकडे ओझ्याबरोबर वर सरकणारी आणखी एक कप्पी होती. तेथे जोर निम्माच लागत होता. गडी म्हणाला, "हे कसं?" पाटीवर लिहिले होते, ते त्याने बोट ठेवून वाचले. ओझे आता दोरीच्या दोन पदरांवर वाटले जाते, म्हणून जोर निम्मा. पण दोरी मात्र दुप्पट ओढावी लागते. फुकट काही मिळत नाही.

पुढे एक लांब दांडा होता. त्याने जड वजन सहज उचलले जाई. ते पाहून आजोबा मोठ्याने हसले. म्हणाले, "अहो, ही तर आपली पहार! मी तिनंच धोंडे उलथत आलो की जन्मभर." खरेच ती पहारच होती. शास्त्रात तिला तरफ म्हणतात. टेकू ओझ्याजवळ घ्यावा, हात लांब धरावा, म्हणजे थोड्या जोरात मोठे काम होते. आजोबांना हे हाताने ठाऊक होते. आता ते का होते, हेही कळले.

अशा केंद्रांच्या बागेत दोन मोठ्या वाटोळ्या ताटल्या समोरासमोर उभ्या केलेल्या असतात. एकीजवळ हळू बोलले, तर लांब उभ्या माणसाला दुसरीजवळ ते ऐकू येते. आवाज ताटलीवर आदळतो, सरळ पलीकडे जातो आणि दुसऱ्या ताटलीने पुन्हा एका जागी गोळा होतो. आमच्या बायांनी तेथे एकमेकींना उखाण्यात नवऱ्याची नावे सांगितली. फार हशा पिकला.

मग तारांगण. गोल छताखाली अंधार झाला आणि चांदण्या उगवल्या. शेतात रात्री पाणी द्यायला जाणाऱ्यांना तिकांडे लगेच ओळखू आले. ते म्हणजे मृग नक्षत्राच्या मधल्या तीन चांदण्या. सप्तर्षीही ओळखू आले. ग्रहण म्हणजे सावली, हे तेथे नीट समजले. पृथ्वीची सावली चंद्रावर पडली, की चंद्रग्रहण. चंद्राची सावली पृथ्वीवर पडली, की सूर्यग्रहण. मात्र सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी कधीही पाहू नये. डोळ्याला कायमची इजा होते. त्यासाठी खास चष्मा मिळतो, तोच वापरावा.

४. पाण्याच्या एका थेंबात

आता या गोष्टीतला मुख्य भाग ऐका.

आमच्या वर्गात चाळिशीचे एक शेतकरी भाऊ होते. त्यांचे नाव येथे लिहीत नाही. त्यांनीच सांगितले आहे, "गुर्जी, गोष्ट लिवा, नाव नका लिवू." हे भाऊ सहलीत मागे मागे राहत. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा घालत.

त्या दिवशी एका शाळेच्या बाई मुलांना घेऊन आल्या होत्या. त्यांनी सूक्ष्मदर्शक मांडला होता. सूक्ष्मदर्शक म्हणजे बारीक वस्तू खूप मोठी करून दाखवणारी नळी. बाईंनी डबक्यातल्या पाण्याचा एक थेंब काचेवर ठेवला आणि आमच्या मंडळींनाही बोलावले. एकेकाने डोळा लावला. थेंबात बारीक बारीक जीव वळवळत होते. कुणी मागे सरले, कुणी "अगं बाई!" म्हणाले.

आमचे ते भाऊ मात्र तेथून हलेनात. पुन्हा पुन्हा पाहत राहिले. मग बाईंना हळूच म्हणाले, "बाई, असे जीव माणसाच्या कातड्यातबी असत्यात का?"

बाई म्हणाल्या, "हो. काही निरुपद्रवी असतात. काहींमुळे रोग होतात. का हो?"

भाऊ काही बोलले नाहीत. पण परतीच्या गाडीत ते आमच्याजवळ येऊन बसले. बाही वर केली. कोपराच्या वर एक फिकट चट्टा होता. म्हणाले, "गुर्जी, इथं चिमटा काढला तरी कळत नाही. दोन वर्षं झाली. मी उनकेश्वराच्या पाण्यात आंघोळी करतोय. घरात बायकोला बी सांगितलं नाही. मागल्या जन्मीचं पाप असंल, असं समजत होतो. आज तो थेंब पाहिला आणि मनात आलं, हे पाप नसंल, जीवजंतू असंल. असंल का?"

हा त्यांनी गाठीला बांधून आणलेला प्रश्न होता. त्यांनी तो कागदावर लिहिला नव्हता. लिहायची हिंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तपासले आणि सांगितले, "हा कुष्ठरोग आहे. घाबरू नका. गोळ्यांनी बरा होतो. गोळ्या फुकट मिळतात."

मंडळी, नीट वाचा. कुष्ठरोग जंतूमुळे होतो. तो जंतू १८७३ साली नॉर्वे देशातल्या हॅन्सन नावाच्या डॉक्टरांनी शोधून काढला. हा रोग पापाने होत नाही, शापाने होत नाही. अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा असेल आणि तेथे स्पर्श कळत नसेल, तर लगेच सरकारी दवाखाना गाठावा. रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घ्याव्या लागतात. वेळेवर उपचार सुरू झाले, तर हातपाय वाकडे होत नाहीत. उशीर केला, तर झालेली हानी भरून येणे कठीण असते.

आमच्या भावांनी गोळ्या पुऱ्या घेतल्या. एक दिवस चुकवला नाही. बायकोला सांगितले. तीही बरोबर येऊ लागली. घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घेतली. आज ते भाऊ अर्ध्या बाहीचा सदरा घालून बाजारात फिरतात.

त्या सहलीला आम्हाला जेवढा खर्च आला, तो या एका प्रश्नात वसूल झाला.

५. आपल्या दारचे विज्ञान केंद्र

आता कुणी म्हणेल, "गुरुजी, तुम्ही उनकेश्वराला नावे ठेवता." नाही. उनकेश्वर आपल्याच किनवट तालुक्यात आहे. लोक तेथे श्रद्धेने जातात. आम्हीही जातो. पण तेथेही प्रश्न घेऊन जावे. पाणी गरम का?

पावसाचे पाणी जमिनीत मुरते. खडकाला भेगा असतील, तर ते फार खोल जाते. पृथ्वीच्या पोटात जसजसे खाली जावे, तसतशी उष्णता वाढते. दर किलोमीटरला सुमारे २५ ते ३० अंश वाढते. खोल गेलेले पाणी तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. वाटेत खडकातले क्षार आणि गंधक त्यात मिसळतात. म्हणून गरम झऱ्यांच्या पाण्याला गंधकाचा वास येतो. आमच्या आजीचा प्रश्न आठवतो ना? "पानी कुठून येते?" त्याचे एक उत्तर आपल्या तालुक्यातच होते.

गरम पाण्याने अंगाला बरे वाटते. थकवा जातो. पण कुष्ठरोगाचा जंतू त्याने मरत नाही. उलट ज्याच्या पायाला स्पर्श कळत नाही, त्याचा पाय गरम पाण्याने भाजला तरी त्याला कळत नाही. म्हणून देवाला नमस्कार जरूर करावा, पण चट्टा डॉक्टरांना दाखवावा.

तसेच माहूरचे. आपण गडावर जातो, देवीचे दर्शन घेतो, प्रसाद घेतो आणि परततो. पण माहूरला राज्य सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे संग्रहालयही आहे. संग्रहालय म्हणजे जुन्या वस्तू जपून, मांडून ठेवण्याची जागा. गावाजवळ डोंगरात कोरलेली लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. ही लेणी राष्ट्रकूट राजांच्या काळातली, म्हणजे हजार वर्षांहून जुनी आहेत. माणसांनी छिन्नी-हातोड्याने डोंगर पोखरून एवढी दालने कशी केली असतील? पुढच्या वेळी माहूरला जाल, तेव्हा एक तास अधिक काढा. पाट्या वाचा. आता तुम्हाला वाचता येते.

६. पैनगंगेचे पाणी जाते कुठे?

आपली पैनगंगा रोज डोळ्यांसमोरून वाहते. सहस्रकुंडाला तिचा धबधबा आपण पाहतो. पुढे ती कुठे जाते?

ती वर्धा नदीला मिळते. वर्धा आणि वैनगंगा एक होऊन प्राणहिता होते. प्राणहिता गोदावरीला मिळते. या प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, तेलंगणातल्या यामनपल्ली गावाजवळ, मोठी हाडे सापडली. साधी हाडे नव्हेत, दगड झालेली हाडे. त्यांना जीवाश्म म्हणतात. एखादा प्राणी मेला, की त्याचे अंग गाळात पुरले जाते. कोट्यवधी वर्षांत हाडांत खनिजे भरतात आणि हाडांचा दगड होतो.

ही हाडे डायनासोर नावाच्या प्राण्याची होती. लांब मानेचा, लांब शेपटीचा, पाला खाणारा हा प्राणी सुमारे तीस फूट लांब होता. तो सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी जगला. तेव्हा माणूस नव्हता. शास्त्रज्ञांनी १९८८ साली त्याचे नाव ठेवले कोटासॉरस यामनपल्लीएन्सिस. नाव अवघड आहे, पण त्यात एका खेड्याचे नाव आहे हे पाहा. यामनपल्ली हे लहानसे गाव जगातल्या पुस्तकांत गेले. ती हाडे जोडून उभा केलेला सांगाडा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान केंद्रात आहे. किनवटचे कितीतरी लोक कामधंद्यासाठी हैदराबादला जातात. त्यांनी एक दिवस तो पाहावा आणि घरी येऊन मुलांना सांगावे, "आपल्या पैनगंगेचे पाणी ज्या खोऱ्यात जाते, तिथला हा प्राणी."

७. लाल पाणी पाहून घाबरू नका

बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे. काळ्या खडकात जवळजवळ १८०० मीटर रुंदीचा वाटोळा खड्डा आणि त्यात खारे पाणी. जुनी कथा अशी, की विष्णूने तेथे लोणासुराला मारले. लोणारचे दैत्यसूदन मंदिर त्याच कथेचे आहे. शास्त्रज्ञांनी तेथले खडक तपासले. त्यांना दिसले, की आकाशातून फार वेगाने आलेल्या उल्केच्या आघाताने हा खड्डा पडला. कथा आपल्या जागी आहे, शोध आपल्या जागी आहे. दोन्ही माहीत असावेत.

२०२० सालच्या जून महिन्यात या सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. लोकांत नाना तर्क सुरू झाले. पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासले गेले. उत्तर मिळाले. उन्हाळ्यात पाणी आटले होते आणि खारटपणा वाढला होता. अशा खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्म जीव वाढले होते. त्यांच्या अंगात गुलाबी रंग असतो. पावसाने पाणी वाढले, की रंग ओसरतो.

त्याच २०२० सालात लोणार सरोवराला रामसर स्थळ म्हणून मान मिळाला. जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत त्याचे नाव आले.

८. तेरच्या एका माणसाने काय केले?

आता मराठवाड्यातल्याच एका गावाची गोष्ट. धाराशिव जिल्ह्यात तेर नावाचे गाव आहे. संत गोरा कुंभारांचे गाव म्हणून आपण ते ओळखतो. पण तेर त्याहूनही जुने आहे. दोन हजार वर्षांपूर्वी त्याचे नाव तगर होते. तेथला माल बैलगाड्यांनी समुद्राच्या बंदरांवर जाई आणि जहाजांनी थेट रोम देशाकडे जाई. त्या काळच्या एका ग्रीक भाषेतल्या पुस्तकात तगरचे नाव आहे.

तेरच्या शेतांत पाऊस पडला, की मातीतून मणी, खापरे, नाणी, मातीच्या बाहुल्या वर येत. लोक त्या फेकून देत. पोरे खेळत. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी मात्र त्या वेचायला सुरुवात केली. ते कुणी मोठे पंडित नव्हते. पण या वस्तू कुणाच्या, किती जुन्या, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी वर्षानुवर्षे हजारो वस्तू जमवल्या आणि घरात जपल्या. पुढे हा ठेवा सरकारकडे आला आणि तेरलाच संग्रहालय झाले. त्याला लामतुरे यांचेच नाव आहे. तेथे हस्तिदंताची, म्हणजे हत्तीच्या दाताची, एक लहान स्त्रीमूर्ती आहे. तशीच मूर्ती इटलीतल्या पॉम्पेई गावी सापडली आहे. आपल्या तेरचे हात किती लांब पोहोचले होते, हे त्यावरून कळते.

तुमच्या नांगराला उद्या एखादी कोरलेली शिळा लागली, जुनी नाणी लागली, तर काय कराल? ती फोडू नका. शेंदूर फासून अक्षरे बुजवू नका. भंगारवाल्याला विकू नका. जागा लक्षात ठेवा. तलाठ्याला, ग्रामपंचायतीला, तहसीलदाराला कळवा. जमिनीत गाडलेले धन सापडले, तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असा १८७८ सालापासून कायदाच आहे. जो कळवतो, त्याचा हक्क कायदा पाहतो. जो लपवतो, तो हक्क गमावतो आणि शिक्षेलाही पात्र होतो.

९. जाण्याआधी हे ध्यानात ठेवा

एक. वार आणि वेळ आधी विचारा. बरीच संग्रहालये आठवड्यातून एक दिवस बंद असतात.

दोन. दहा-वीस जण मिळून जा. खर्च वाटला जातो. गटाला किंवा शाळेला सवलत आहे का, ते तिकीट काढण्याआधी विचारा.

तीन. सगळे एका दिवसात पाहू नका. दहा वस्तू नीट पाहा. शंभर वस्तूंवरून नुसती नजर फिरवण्यापेक्षा ते बरे.

चार. पाटी वाचा. न कळलेला शब्द वहीत उतरवा.

पाच. विज्ञान केंद्रात हात लावा. जुन्या मूर्तींना, लेण्यांना, चित्रांना मात्र हात लावू नका. हाताच्या घामाने ती खराब होतात. भिंतीवर नाव कोरू नका.

सहा. घरी आल्यावर चार जणांना सांगा. सांगताना आपल्यालाही अधिक उमजते.

सात. कुणी अडवले, तर घाबरू नका. याची एक गोष्ट सांगतो आणि पुरे करतो.

दुसऱ्या एका सहलीत, एका शहरात आम्ही संग्रहालय पाहायला गेलो. लुगडी-धोतरातली मंडळी पाहून दारावरचा पहारेकरी म्हणाला, "ए, इकडं कुठं? बाजार तिकडं हाय." आम्ही पुढे होऊन बोलणार, तोच आमची तांड्यावरची आजी दारावरच्या पाटीसमोर उभी राहिली. बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवून तिने मोठ्याने वाचले, "प्रवेश सर्वांना खुला आहे."

मग पहारेकऱ्याकडे वळून म्हणाली, "सर्वांना म्हंजे आमालाबी ना, दादा?"

पहारेकरी ओशाळला. त्याने दार उघडले. आत गेल्यावर तोच आमच्याबरोबर फिरू लागला. एका दगडी मूर्तीपाशी आजीने त्याला विचारले, "दादा, ही कुणाची?" तो म्हणाला, "आजी, मी रोज इथं बसतो, पण ठाऊक नाही." आजी म्हणाली, "मग चल, दोघं मिळून वाचू."

आणि दोघांनी मिळून ती पाटी वाचली.

विचार करा आणि सांगा

१. शेतकरी भावांनी आपला प्रश्न कागदावर का लिहिला नाही?

२. अंगावरच्या चट्ट्याला स्पर्श कळत नसेल, तर काय करावे?

३. उनकेश्वरचे पाणी गरम का असते? आपल्या शब्दांत सांगा.

४. पैनगंगेचे पाणी कोणकोणत्या नद्यांतून गोदावरीला जाते? जमिनीवर काडीने नकाशा काढा.

५. तुमच्या गावात जुनी शिळा, जुनी बारव, जुने झाड आहे का? त्याबद्दल पाच वाक्ये लिहा.

६. सहलीला जायचे झाले, तर तुम्ही कोणता प्रश्न बरोबर घ्याल? तो वहीत लिहा.